कोर्ट उठेपर्यंत

कोर्ट उठेपर्यंत शिक्षा म्हणजे काय, ते तुम्हाला ठाऊक नसेल तर मी सांगते. गाडीखाली माणूस मारला की आपल्याकडे ही शिक्षा मिळू शकते. मारणाऱ्याने कोर्टातल्या मागच्या बाकावर जाऊन बसायचं. साहेब आपलं काम करत राहतात, दुसऱ्यांच्या केसी चालतात, वर पंखा फिरतो. दुपारच्या सुट्टीत मारणारा बाहेर जाऊन भजी-पाव खाऊन आला तरी त्याला कोणी हटकत नाही. संध्याकाळी साहेब खुर्चीवरून उठले, शिपाई खिडक्या लावायला लागला, की शिक्षा संपली. मग तो मोटारसायकलला किक मारतो आणि एसटीची वाट बघत उभ्या असलेल्या बाईच्या अंगावर धुरळा उडवून घरी जातो.

ती बाई मी. अंगावरचा धुरळा मी घरी येऊन धुतला, पण डोळ्यांतला अजून गेलेला नाही. थोडा दंडही झाला होता त्याला. आकडा सांगत नाही, तोंड कडू होतं. एवढंच सांगते, की तेवढ्या पैशात आषाढात एक बरी सुरमई येत नाही.

माझं नाव चंद्रावती. तारकर्लीच्या अलीकडे आमची खालची वाडी, आणि मासे विकणं हा माझा धंदा. आमचे हे देवगडला ट्रॉलरवर असतात, सणासुदीला येतात. बोलणं आमचं मालवणी, पण दोन वर्षं कोर्टाच्या पायऱ्या झिजवल्यापासून मला शुद्ध बोलायचा सराव झालाय, म्हणून तुम्हाला शुद्धात सांगते.

जी गेली ती माझी जाऊ, जयवंती. माझ्या धाकट्या दिराची, दत्तारामची बायको. आता तुम्ही म्हणाल, जावेसाठी कोण एवढं करतं? लोकही म्हणाले. आणि आम्ही भांडायचो, हे खरं आहे. चुलीवरून भांडायचो, कळशीवरून भांडायचो, कोणाच्या टोपलीत मोठे बांगडे गेले त्यावरून तर रोज. सकाळी किनाऱ्यावरच्या लिलावात दोघींनी मिळून मासे घ्यायचे, दोन टोपल्यांत वाटायचे, आणि बाजारापर्यंतच्या वाटेवर एकमेकींचा उद्धार करत चालायचं. ती पुढे, मी मागे. ती पुढे, कारण तिचा आवाज मोठा. "इले गो बांगडे, ताजे फडफडीत!" अशी एक आरोळी ठोकली की वाटेतली घरं झोपेतून उठायची. गिऱ्हाईक तिच्या आवाजाला बाहेर यायचं आणि कधीकधी माझ्या टोपलीतला मासा घेऊन जायचं. मग त्यावरून पुढचं भांडण.

त्या आवाजाचं दुसरं गिऱ्हाईक म्हणजे आमचा रवळनाथ. आमच्या गावात देवाला सांगितल्याशिवाय काही होत नाही. नवी होडी असो, लग्न असो, आजारपण असो, दोन घरांचा तंटा असो, देवळात गाऱ्हाणं घालायचं. गावचे मानकरी दाजी देवासमोर नारळ धरून सगळ्यांच्या वतीने मागणं मागतात, आणि प्रत्येक मागण्यामागून जमलेला गाव म्हणतो, "व्हय म्हाराजा!" गावाने व्हय म्हटलं की दाजी नारळ फोडतात. नारळ फुटला की ती गोष्ट देवाच्या पदरात पडली. मग तिच्यावर कोणी परत तोंड उघडायचं नाही.

पुरुष पुढे उभे राहतात, बायका बाजूला तुळशीपाशी. बायका व्हय म्हणतात ते ओठातल्या ओठात. जयवंती मात्र असं म्हणायची की कौलांवरचे कावळे उडायचे. दाजी हसायचे, "गो जयवंती, देव म्हातारो झालो हा, बहिरो नाय झालो."

आता तो मारणारा. रविराज त्याचं नाव. सत्यवानाचा एकुलता एक झील, म्हणजे मुलगा. सत्यवान मासळीचा व्यापारी, वाडीची निम्मी मासळी त्याच्या टेम्पोतून गोव्याला जाते. जो टेम्पो आधी पोचतो त्याच्या मासळीला भाव, मागून येणाऱ्याची मासळी कोण विचारतो? म्हणून बंदरावरून सुटले की गोव्याच्या वेशीवरच्या बांद्यापर्यंत टेम्पोवाल्यांची शर्यत लागते, आणि त्या शर्यतीत रविराज पहिला. सत्यवान मिशीवर ताव देऊन सांगायचा, "माझो झील बांद्याक पोचता, तेवा बाकीचे अजून कुडाळात चाय पितत!" सगळी वाडी हसायची. भाव आमच्याच मासळीला मिळत होता ना!

पहिल्यांदा त्याने वासरू मारलं. मग सायकलवरून जाणाऱ्या आमच्या म्हाताऱ्या मास्तरांना उडवून शेतात टाकलं, त्यांचा पाय कायमचा वाकडा झाला. दोन्ही वेळा सत्यवान नारळ घेऊन देवळात आला. लेकरू चुकला, पोटात घे. गाव म्हणाला, व्हय म्हाराजा. मास्तर स्वतः काठी टेकत उभे होते, तेही म्हणाले. पोलिसांत कोणी गेलं नाही. देवासमोर मिटलेली गोष्ट चौकीवर नेणं म्हणजे देवाला खोटं पाडणं, असं आमच्याकडे मानतात.

आणि मास्तरांच्या वेळी देवळात सगळ्यात मोठा आवाज कोणाचा होता? जयवंतीचा. घरी येताना मी तिला झाडली, "मास्तराचो पाय मोडलो आणि तू कित्याक गो एवढी बोंबललंस?"

तर म्हणते कशी, "गो, पोर आसा ता. देवान पोटात घेतल्यान, मगे आपण कोण?"

त्याच पोराने तिला मारलं.

पिंपळाच्या वळणावर. आम्ही डांबराच्या बाहेर, मातीतून चाललो होतो. ती पुढे होती, आणि मी तिच्या टोपलीतल्या सुंगटांवरून, म्हणजे कोळंबीवरून, काहीतरी टोचून बोलले होते. ती उत्तर द्यायला मागे वळली. "तुझ्या डोळ्यांत नेहमी माझीच टोपली..." एवढंच म्हणाली. मागून दोन टेम्पो आले, एकाला मागे टाकायला दुसरा माझ्या पुढून मातीत उतरला. टोपली माझ्या पायाशी येऊन पडली. ती कुठे पडली ते मी सांगणार नाही.

त्या वळणावर इक्बालचं पंक्चरचं दुकान आहे. त्याने सगळं बघितलं. तो धावत आला आणि अंगातला शर्ट काढून त्याने जयवंतीवर घातला. रविराज पुढे जाऊन थांबला होता. खाली उतरला, आणि त्या मेल्याने पहिल्यांदा काय बघितलं? बंपर. शिरा पडो त्याच्या तोंडावर, आधी त्याने टेम्पोचा बंपर बघितला!

संध्याकाळी तो घरी जेवायला हजर. जामिनाचा गुन्हा आहे, असं कळलं. मग तारखा. एक तारीख, दुसरी तारीख, वकील नाही म्हणून पुढची तारीख, साहेब रजेवर म्हणून त्याच्या पुढची. तालुक्याच्या कोर्टात मी प्रत्येक तारखेला गेले. त्या दिवशी धंदा बुडायचा, तो बुडू दे. इक्बालही साक्षीला म्हणून दुकान बंद करून यायचा, आणि आम्ही दोघं व्हरांड्यात शेंगदाणे खात बसायचो. कोणीतरी एकदा आत बोलवेल आणि विचारेल, बाई, तुम्ही काय बघितलं? मी मनात सगळं घोकून ठेवलं होतं, शुद्ध मराठीत.

कोणी विचारलं नाही. शेवटच्या तारखेला रविराजचा वकील उठून म्हणाला, आरोपी गुन्हा कबूल करतो आहे, तरुण आहे, आईबापांना एकटा आहे, बाई रस्त्याकडे पाठ करून चालत होती, आणि साहेब, हा त्याचा पहिलाच गुन्हा आहे.

पहिलाच! मी ताडकन उठले. पण कागद बघायला गेलं तर वकील खोटं बोलत नव्हता. वासरू कागदावर नव्हतं, मास्तरांचा पाय कागदावर नव्हता. ते सगळं आम्हीच देवाच्या पोटात घातलं होतं. व्हय म्हाराजा करून करून आम्ही त्याची पाटी धुऊन दिली होती.

"साहेब, माका बोलाचा आसा," मी म्हटलं. घोकलेलं शुद्ध पार विसरले.

कारकुनाने विचारलं, "आपण मयताच्या कोण?"

"जाव."

"पती हजर आहेत का?"

दत्ताराम उभा राहिला. मान खाली, नजर चपलांवर. म्हणाला, आमची काही तक्रार नाही. साहेब माणूस वाईट नव्हता. मला म्हणाला, "बाई, तुमचं दुःख मला समजतं. पण आरोपीने गुन्हा कबूल केलेला आहे, आता साक्षीची गरज उरलेली नाही. बसून घ्या." मी बसले. मग त्याने रविराजला शिक्षा सुनावली, कोर्ट उठेपर्यंत बसून राहण्याची. म्हणजे बघा, मारणाऱ्याला आणि मला त्या कोर्टात एकच हुकूम झाला. लायसन त्याच्या खिशातच राहिलं, त्याला कोणी हातसुद्धा लावला नाही. कायद्याने आमच्या तोंडाला पानं पुसली ती अशी.

घरी आल्यावर मी दत्तारामला धारेवर धरलं. सत्यवानाने त्याच्या होडीला नवं इंजिन बसवून दिलं होतं, हे मला माहीत होतं. पहाटे ते इंजिन फटफट करायला लागलं की मला चूल पेटवायची इच्छा राहायची नाही.

"इंजिनावर इकलंस बायलेक?" मी म्हटलं.

तो चिडला नाही. चिडला असता तर बरं झालं असतं. "वयनी, ती परत येवची नाय," तो म्हणाला. "माका दोन चेडवां आसत. सत्यवान मासळी घेवचो बंद झालो तर तेंका काय घालू खावक? रेती?"

त्याचं चुकलं असं मी आजही म्हणत नाही. आमच्या सगळ्यांचेच हात सत्यवानाच्या दगडाखाली अडकलेले. पण माझ्या पोटातला जाळ त्याने विझला नाही.

त्यानंतर सत्यवानाने जुना टेम्पो अपशकुनी म्हणून फुंकून टाकला. झालीच कोणाला शिक्षा तर त्या टेम्पोला झाली! आणि शिमगा सरल्यावर नवा आला, निळाजर्द, पुढच्या काचेवर चांदीच्या रंगात देवाचं नाव. सत्यवान पेढ्यांचा बॉक्स घेऊन घरोघर फिरला. आमच्याकडेही आला. रविवारी देवळात गाडीचं गाऱ्हाणं आहे, सगळ्यांनी या, म्हणाला.

"गाडी चालवतलो कोण?" मी विचारलं.

"कोण म्हणजे? रविराज."

मी पेढे हातात घेतले नाहीत. म्हटलं, "सत्यवान, माका तुझा काय नको. तुझ्या झिलान तुरुंगात बसाचा असा पण मी म्हणणंय नाय. फकत तेका गाडी चालवूक देव नको. दुसरो ड्रायव्हर ठेव. त्या वळणार सकाळी आमच्यो बायलो चलतत, शाळेची पोरां चलतत. तेका धंद्यात बसव, हिशोब बघूक सांग, काय पण कर. स्टेरिंग देव नको. एवढा आयक माझा."

सत्यवान हसला. वाईट हसला असंही नाही, लहान मुलाला हसतात तसा हसला. "चंद्रावती, कोर्टान सोडल्यान तेका. लायसन आसा तेच्याकडे. आता देवान पोटात घेतल्यान की झाला. तू कोण मधी?"

तू कोण. कोर्टातही तेच विचारलं होतं. मी दार लावून घेतलं.

रविवारच्या आधी मी बाजारातल्या सगळ्या बायकांकडे गेले. एकेकीला म्हटलं, गाऱ्हाण्याला येऊ नका, आलात तर व्हय म्हणू नका. सगळ्यांनी अंग चोरलं. एक म्हणाली, बर्फ सत्यवानाचा. दुसरी म्हणाली, उधारीवर मासे देतो तो. तिसरी म्हणाली, चंद्रावती, देवळात नाय म्हणायचा रिवाज नाही, देव कोपेल. अगं, वळणावर तुझी टोपली उडेल तेव्हा देव कोपलेला बरा की न कोपलेला? पण बोलून उपयोग नव्हता.

इक्बाल तेवढा म्हणाला, "चंद्रावतीबाय, तुमच्या देवळात मी काय बोलूचंय? पण त्या टेम्पोचो टायर ह्या वळणार बसलो, तर रविराजान तो दातांनी काढूचो. मी हात लावचंय नाय." मला फार बरं वाटलं. दोन वर्षांत पहिल्यांदा कोणीतरी नाय म्हटलं होतं.

रविवारी सकाळी देवळाच्या आवारात टेम्पो उभा होता. झेंडूच्या माळा, चाकांखाली लिंबं, बॉनेटवर हळदकुंकू. रविराज नवा शर्ट घालून दाराला टेकला होता, बोटात चावी फिरवत होता. आमच्याकडे बघत नव्हता. अख्खा गाव आला होता, माझ्या बाजारातल्या बायकाही झाडून आल्या होत्या. दत्ताराम पुरुषांत पुढे उभा होता. मी तुळशीपाशी जयवंतीच्या जागेवर जाऊन उभी राहिले. बायका माझ्यापासून जरा सरकून उभ्या राहिल्या, जसं काही मला देवी आल्यात.

दाजींनी नारळ हातात घेतला.

"बा देवा रवळनाथा, आज तुझ्या लेकरान, सत्यवानान, नवी गाडी तुझ्या दारात हाडल्यान हा!"

"व्हय म्हाराजा!"

"तिका रस्त्यार बरकत दी!"

"व्हय म्हाराजा!"

"वाटेर इडापिडा इली तर ती आल्या वाटेन परती धाड!"

"व्हय म्हाराजा!"

"आणि ह्या झिलाच्या हातसून जा काय घडला, ता सरकारान माफ केल्यान हा. तूय पोटात घे, आणि आजपासून तेच्या हाताक यश दी!"

"नाय म्हाराजा!"

माझा आवाज एवढा मोठा आहे हे मलाही माहीत नव्हतं. इतकी वर्षं ती पुढे ओरडायची म्हणून मला कधी ओरडावं लागलं नव्हतं. बाकीच्यांचं व्हय घशातच राहिलं. दाजींचा नारळ वर गेला होता तो तिथेच थांबला. कोणाचं तरी पोर हसलं, त्याला त्याच्या आईने चापटी मारली.

दाजी वळले. "कोण ता?"

"मी चंद्रावती."

"गो, ह्या देवळात नाय म्हणतला कोण? माझ्या जन्मात मी आयकूक नाय."

"तर मगे आज आयका," मी म्हटलं. भीती वाटत होती, खोटं कशाला बोलू? पण मेलं कोंबडं आगीला भीत नाही. "गाव व्हय म्हणता तेवाच नारळ फुटता ना, दाजीनू? मगे गावाक इचारतास कित्याक? व्हय म्हणूकच बोलवलास तर टेपरेकॉर्डर लावा!"

सत्यवान ओरडला, "गप बस गो! बाईमाणसान गाराण्यात तोंड घालूचा नाय! दाजीनू, फोडा नारळ!"

दाजींनी नारळ फोडला नाही. म्हातारा माणूस, सत्यवानाच्या पैशातून देवळाला लाद्या बसलेल्या, त्यांनाही ते माहीत होतं. ते नारळाकडे बघत राहिले. मग म्हणाले, "सत्यवान, एक जरी नाय पडलो तर ह्यो नारळ माका फोडूक येवचो नाय. गाराणा तुटला." आणि माझ्याकडे वळून म्हणाले, "तुया तोडलंस, आता तूच घाल. पुढे ये. काय तां देवाक सांग."

बाईने गाऱ्हाणं घातल्याचं मी कधी बघितलं नव्हतं, ऐकलंही नव्हतं. मी पदर खोचला आणि पुरुषांमधून पुढे गेले. दत्तारामच्या खांद्याला माझा खांदा लागला. तो सरकला नाही. दाजींनी नारळ माझ्या हातात दिला, आणि मी देवाकडे बघून जे तोंडात आलं ते बोलले.

"बा देवा म्हाराजा, माका दाजींसारख्या बोलूक येणा नाय. मी माशे इकणारी बाय. ह्या रविराजान माझी जाव मारल्यान. तुझ्या देवळात जिचो आवाज सगळ्यांत मोठो होतो, ती. आता तो म्हणता, पोटात घे. देवा, तेणा वासरू मारल्यान तेवा आमी तुका सांगलो, पोटात घे. मास्तराचो पाय मोडल्यान तेवा सांगलो, पोटात घे. किती घेतलस! आता तुझ्या पोटात जागा नाय आणि आमच्या पोटात पण नाय. कोर्टान तेका शिक्षा दिल्यान, कोर्ट उठासर. तां कोर्ट सांजेक उठला आणि ह्यो घराक गेलो. पण तू आमच्या आज्या-पणज्यांपासून हंय बसलस, अजून उठूक नाय. तेवा तुझा कोर्ट उठासर ह्याच्या हातात स्टेरिंग नको! तेका खाव दी, पिव दी, तेचा लगीन होव दी, पोरांबाळां होव दी. मी तेका शाप देणंय नाय. पण स्टेरिंग नको!"

मी थांबले. आता व्हय म्हणायचं होतं, आणि कोणी म्हणत नव्हतं. टेम्पोच्या माळेवर माश्या घोंगावत होत्या. मला वाटलं, संपलं. हात दाखवून अवलक्षण झालं. आता हा नारळ घेऊन मी घरी जाणार आणि गाव जन्मभर हसणार.

"व्हय म्हाराजा."

आवाज फाटलेला होता. मी वळून बघितलं नाही, पण तो दत्ताराम होता. त्याच्या मागून काठी आपटल्याचा आवाज आला आणि मास्तर म्हणाले, "व्हय म्हाराजा!" मग तुळशीकडून एक बाई, मग दुसरी, ज्यांनी अंग चोरलं होतं त्याच, आणि त्यांनी ते ओठातल्या ओठात म्हटलं नाही. बाजारात भाव ओरडतात तसं म्हटलं. सगळ्यांचं मिळून जे व्हय झालं त्याने कौलांवरचे कावळे उडाले. मला रडू फुटलं, आणि रडतरडतच मी तो नारळ फोडला.

रविराजने चावी बोटात फिरवायची थांबवली होती. तो बापाकडे बघत होता, आणि बाप गावाकडे. देवळातलं गाऱ्हाणं मोडून टेम्पो काढला, तर त्यात मासळी भरायला वाडीतला एक हात पुढे येणार नाही, हे सत्यवानाला कळत होतं. शेवटी त्याने जुन्या ड्रायव्हरला, महादूला, हाक मारली. महादू बांद्याला नेहमी शेवटून पहिला पोचतो म्हणून सत्यवानाने त्याला घरी बसवला होता. महादूने चावी घेतली, लिंबं चिरडली आणि सावकाश टेम्पो रस्त्याला लावला. रविराज शेजारी क्लीनरच्या जागेवर बसला होता. काच वर करून घेतली त्याने.

सत्यवानाने मला आवारातच गाठलं. तोंड लाल झालं होतं. "माझ्या झिलाचा लायसन सरकारान तेच्याकडेच ठेवल्यान आणि तू काढून घेतलंस? कायदो आसा म्हटला! उद्याच वकिलाक गाठतंय. आमका वाळीत टाकलास म्हणान तुझ्यार केस घालतंय. कोर्टात उभी करतंय तुका, आरोपी म्हणान!"

माझ्या हातात नारळाची भकलं होती. त्यातलं एक मी त्याच्या हातात ठेवलं, प्रसाद नको म्हणायची त्याची टाप नव्हती.

"घाल," मी म्हटलं. "बेगीन घाल. आरोपीक तरी इचारतत मरे, तुका काय बोलाचा आसा म्हणान?"

नोटीस अजून आलेली नाही. मी रोज टोपली घेऊन त्या वळणावरून जाते, आता मीच पुढे ओरडते, आणि वाटेत पोस्टमन भेटला की त्याला आधी तेच विचारते.